मुका दोरा

"सैल," बाई म्हणाल्या आणि फोटो टेबलावर पालथा घातला.

हा शब्द मी त्या वर्षात इतक्यांदा ऐकला होता की बाईंनी तोंड उघडायच्या आतच तो मला ऐकू यायचा. शनिवारची दुपार होती. सोमवारी पुण्याहून आमच्या कामाची तपासणी करायला समिती येणार होती. तिच्यासमोर मांडायला आमच्याकडे होतं काय, तर एक झाड, त्याच्या सालीचा बाटल्यांत भरलेला अर्क, आणि मागे 'सैल' असा शेरा मारलेले फोटो.

"बाई, उद्या पुन्हा एकदा करून बघते ना."

"उद्या रविवार. घरी जा, जेव, झोप. झाडाला तुझी कीव येऊन ते काही गुण दाखवणार नाही."

बाई म्हणजे डॉ. सुमती कारेकर. मूळच्या मालवणच्या. सगळी नोकरी कोल्हापुरात काढली, तरी तांबड्या रश्श्याला शेवटपर्यंत 'तिखटाचं पाणी' म्हणायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी आणि वर पांढरा कोट, अशा त्या प्रयोगशाळेत शिरल्या की बाटल्यासुद्धा सरळ उभ्या राहतात असं आम्ही म्हणायचो. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. समितीनं नाही म्हटलं तर त्यांच्या झाडाचं काम त्याच दिवशी बंद होणार, अर्क मोरीत जाणार आणि मला दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली अळिंब्यांवर काम करायला बसवणार, हे विभागात सगळ्यांना माहीत होतं. माझं मी निभावलं असतं. बाईंचं काय होईल हे मला बघवलं नसतं.

त्या झाडाची गोष्ट अशी. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा दुपदरी धागा असतो आणि त्याला पीळ असतो. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आधी तो धागा उलगडावा लागतो. पण पिळाचा धागा एका जागी उलगडला की पुढे आणखी आवळतो, हे कुणीही सुतळी सोडवताना पाहिलेलं असतं. म्हणून पेशीत एक एन्झाइम असतं. ते धाग्याचा एक पदर कापतं, साचलेला पीळ सोडून देतं आणि कापलेलं पुन्हा सांधतं. ह्या एन्झाइमचं काम बिघडवलं की पेशी मरते, आणि कॅन्सरच्या पेशींना वाढायची सगळ्यांत घाई, म्हणून त्या आधी मरतात. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या दुर्गंधी झाडातून असं औषध मिळतं, हे तोवर जगाला कळलं होतं. बाईंचं म्हणणं, एक सापडलं त्या रानात दुसरं नसेल कशावरून? म्हणून आंबोलीच्या जंगलातून त्यांनी एक झुडूप शोधून आणलं. रानातल्या लोकांनीही त्याला कधी नाव दिलं नव्हतं. विभागात सगळे त्याला 'बाईंचं झाड' म्हणत, आणि बाई नसल्या की 'बाईंचं खूळ'.

अर्काच्या थेंबानं बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मरत होत्या, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पेशी काय, फिनाइलनंही मरतात. कशानं मरतात ते दाखवा, असं समिती म्हणत होती, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

ते दाखवायची रीत ठरलेली होती. कड्यासारखा बंद, पिळलेला डीएनए घ्यायचा. त्यात एन्झाइम घालायचं, अर्क घालायचा. मग खरवसाच्या वडीसारख्या एका पातळ वडीत, म्हणजे जेलमध्ये, वीज सोडून तो पळवायचा. पिळलेला डीएनए आटोपशीर, तो झपाट्यानं खाली जातो. सैल झालेला पसरट, तो वरच रेंगाळतो. अर्क एन्झाइमला अडवत असेल तर पीळ तसाच राहून रेघ खाली दिसायला हवी. आमची रेघ दरवेळी वर. म्हणजे अर्क घाला नाहीतर पाणी घाला, एन्झाइम आपला पीळ सोडून मोकळं.

मला एकच गोष्ट खटकायची. नुसत्या एन्झाइमच्या रांगेत सैल डीएनएच्या बऱ्याच रेघा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसत, कारण कशाचा पीळ पूर्ण सुटलेला असे, कशाचा थोडा राहिलेला. अर्काच्या रांगेत मात्र वर एकच रेघ, आखून काढल्यासारखी.

"हे फारच स्वच्छ आहे बाई," मी एकदा म्हटलं होतं.

"नेटकं सैल," बाई म्हणाल्या. "सैल ते सैल."

आणखी एक सांगायला हवं. त्या रेघा दिसाव्यात म्हणून एक लाल रंग वापरतात. तो डीएनएच्या पदरांत शिरून बसतो, आणि डीएनए आपल्याही अंगात असतोच. बाईंनी त्या रंगाची जबर धास्ती घेतली होती. दुसरीकडे लोक तो सर्रास जेलमध्येच कालवत. आमच्याकडे जेलचं काम संपल्यावर, कोपऱ्यातल्या वेगळ्या थाळीत, हातमोजे घालून बुडवायचं. रंगाची बाटली कुलपात आणि किल्ली बाईंच्या पर्समध्ये. "कॅन्सरवरचं औषध शोधताना कॅन्सर घेऊन घरी जायचं नाही," असं त्या प्रत्येक नव्या मुलीला बजावत. शिवाय आमच्या चाचणीला तेच योग्यही होतं. रंग आधी घातला तर सैल डीएनए सैल दिसत नाही, सगळं चित्र बिघडतं, असं पुस्तकातच लिहिलं होतं.

रविवारी मी गुजरीत, सोनारांच्या पेठेत, माझ्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या दुकानात जाऊन बसले. आमचं आडनाव पटवेगार, आणि धंदाही तोच. सोनार गळ्यातल्या साजाची पानं आणि मणी घडवतो, पटवेगार ते रेशमात ओवतो. पायाच्या अंगठ्याला दोऱ्याचा फास अडकवून दोन्ही हातांनी पीळ देत बसायचं, हे मी चालायला लागले तेव्हापासून बघत आले. नानांची नजर अलीकडे मंद झाली होती. लग्नसराईत मी गेले की ते माझी फिरकी घेत घेत सगळं बारीक काम माझ्याकडे सरकवत.

"या, डाक्टरीणबाई. सुटला का जेलातनं?"

"नाना, जेल म्हणजे तुरुंग नव्हे, किती वेळा सांगू."

"मग रोज तितं काय करतीस?"

"डीएनएचा पीळ सुटतो का बघते."

"त्ये हितं बसून बी बगितलं आसतंस की."

तेवढ्यात घाटगे काकी आल्या. त्यांनी रुमालातून साज काढून गादीवर ठेवला. जुना, भारी साज होता.

"नाना, मागचा दोर सैल पडलाय बघा. वाईच आवळून द्या. लेकीच्या लग्नात तिच्या गळ्यात घालायचाय."

नानांनी तो न बघताच माझ्याकडे दिला. मी दोराचा फास अंगठ्यात अडकवला आणि दोन बोटांनी पीळ दिला. धड दोर असा पिळला की तो गप्प बसत नाही. स्वतःभोवती गुंडाळ्या घालत बोटावर चढतो. हा लोंबकळतच राहिला. मी आणखी पीळ दिला. तोही कुठं गेला कळलं नाही.

"काकी, हा सैल नाही," मी म्हटलं. "हा मुका झालाय."

"मुका म्हंजी?"

हा आमच्या घरातला शब्द. दुसऱ्या कुणाच्या तोंडी मी तो ऐकलेला नाही. "दोराचे दोन पदर असतात ना काकी. त्यातला एक आत तुटलाय. पीळ दिला की धड दोर उत्तर देतो. हा देत नाही. दिलेला पीळ तुटल्या जागेतनं निसटून जातो. असाच आवळून दिला असता तर भर मांडवात मणी सांडले असते."

"अगं बया. पर दिसतोय तर सैलच की."

"दिसायला दोन्ही सारखंच दिसतं काकी. पीळ दिल्याशिवाय..."

आणि मी तिथंच थांबले. साज अंगठ्याला लोंबत होता, काकी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचे ते सगळे फोटो एकापाठोपाठ एक येऊन गेले. वरची ती एकच स्वच्छ रेघ.

"काय गं," नाना म्हणाले, "पाय झोपला?"

"नाना, मला दोन दोर द्या. नवे. आणि कात्री."

सोमवारी सकाळी बाई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. बळी जाणाऱ्या बकऱ्याला सजवतात तसं मला वाटलं. समितीची गाडी यायच्या आत मी त्यांना प्रयोगशाळेच्या दारात गाठलं.

"बाई, मला रंग जेलमध्ये कालवायचाय."

"माझ्या हयातीत नाही."

"एकदाच."

"आजच्या दिवशी माझं डोकं फिरवू नकोस, मंदाकिनी."

मी खिशातून रेशमाची दोन कडी काढून त्यांच्या हातात ठेवली. "ह्या दोन्हींतलं सैल कुठलं आणि तुटलेलं कुठलं, सांगा."

बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. "दोन्ही सैलच आहेत."

"आता पीळ द्या."

त्यांना जमेना. मी एका बाजूनं धरलं, दुसरीकडून बाईंनी पिळलं. पहिलं कडं वळवळत त्यांच्या बोटाभोवती चढलं. दुसऱ्यातला आतला पदर मी कातरून ठेवला होता. ते मेल्यासारखं लोंबत राहिलं.

"आपला अर्क एन्झाइमला अडवतच नसेल तर बाई?" मी भराभरा बोलत सुटले. "कापू देत असेल आणि सांधू देत नसेल तर? मग डीएनए सैल नाही, तुटलेला आहे. दोन्ही रेघा वरच येतात. आपण इतके दिवस दिसण्यावर गेलो. हा रंग पदरांत शिरला की बंद कड्याला पीळ पाडतो. म्हणून तर तो आधी घालू नये म्हणतात. जे नुसतं सैल आहे ते रंगानं पिळून खाली पळेल. जे तुटलंय त्याला पीळ धरणारच नाही. ते वर राहील."

बाईंनी ते मुकं कडं आणखी एकदा पिळून पाहिलं. मग आणखी एकदा. बाहेर गाडीचं दार वाजलं.

त्यांनी पर्स उघडून किल्ली माझ्या हातात ठेवली. "हातमोजे दोन-दोन घाल," त्या म्हणाल्या. "किती वेळ लागेल?"

"दुपार होईल."

"दुपारपर्यंत ते कुठे जात नाहीत."

त्या दिवशी बाईंनी समितीचं काय केलं ते मला नंतर शिपायाकडून कळलं, आणि अजून आठवलं की हसू येतं. एरवी मोजकं बोलणाऱ्या बाईंनी सह्याद्रीच्या भूगोलापासून सुरुवात केली. मग सगळ्यांना उन्हात विभागामागच्या वाफ्यावर नेऊन झाडाचं एकेक पान दाखवलं. मग जेवण. समितीचे प्रमुख डॉ. मोकाशी शाकाहारी, वेळेचे पक्के आणि बोलायला अतिशय सभ्य. त्यांना बाईंनी आग्रह करकरून भाकरी वाढल्या, मिरचीचा खर्डा वाढला, आणि ते पाणी मागू लागल्यावर सोलकढी करायला सांगितली. तीही नारळ फोडण्यापासून. आमचा अर्क एन्झाइमचं जे करत होता असं मला वाटत होतं, तेच बाईंनी समितीचं केलं. काम अर्ध्यावर असताना धरून ठेवलं.

मी आत एकटी होते. जेल गुलाबी दिसत होतं. वीज सुरू होती आणि मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. देवाचं नाव घ्यावं तर कुठला देव ह्या खात्याचा ते ठाऊक नव्हतं. मी खुर्चीवर बसून ते धड कडं पिळत आणि सोडत राहिले.

शेवटी जिन्यावर पावलं वाजली. मोकाशी आत आले, मागून बाकीचे, सगळ्यांत मागे बाई. मोकाशींचा चेहरा खर्ड्यानं लालबुंद झाला होता.

"कारेकर बाई," ते म्हणाले, "आपल्या चिकाटीबद्दल आम्हा सर्वांना आदर आहे. पाहुणचाराबद्दल तर काय बोलावं. पण पुरावा स्पष्ट आहे. आपला अर्क एन्झाइमला अडवत नाही. हे काम इथे थांबवावं असं..."

"एक जेल बघायचं राहिलंय," बाई म्हणाल्या. "तेवढं बघा आणि मग बोला."

अंधाऱ्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीनं उभे राहिलो. मी जेल उचलून काचेवर ठेवलं. मी खालचा जांभळा दिवा लावला.

नारिंगी रेघा उजळल्या.

"ही पहिली रांग नुसता डीएनए," मी म्हणाले. "पिळलेला. खाली."

"बरं."

"दुसरी, डीएनए आणि एन्झाइम."

"हाही खाली?" मोकाशी वाकले. "हा सैल व्हायला हवा. थांबा. रंग जेलमध्येच घातलात का?"

"हो सर."

"मग बरोबर. रंगानं पीळ पडला, म्हणून सैल झालेलासुद्धा खाली उतरला. पण मग ही चाचणी काय..." ते बोलता बोलता थांबले. त्यांचं बोट तिसऱ्या रांगेवर होतं. "ही कसली?"

"डीएनए, एन्झाइम आणि आपला अर्क."

तिसऱ्या रांगेतली रेघ वर होती. एकच, स्वच्छ, ठळक. शेजारच्या सगळ्या रेघा खाली गेल्या होत्या आणि ती जागची हलली नव्हती.

"सैल असता तर हाही उतरला असता," मोकाशी हळूच म्हणाले. ते आमच्याशी बोलत नव्हते.

"हा मुका आहे सर," माझ्या तोंडून गेलं.

"काय आहे?"

"तुटलेला. पीळ धरत नाही."

मोकाशी सरळ उभे राहिले. माणूस सभ्य होता, आणि हुशारही होता. "अर्कच परस्पर डीएनए कापत असेल. एन्झाइमचा काही संबंधच नसेल. तेजाबही कापतं."

मी चौथ्या रांगेवर बोट ठेवलं. "ह्यात अर्क आहे, एन्झाइम नाही. डीएनए अखंड. खाली."

मोकाशींनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाकून बघितलं. मग ते बाईंकडे वळले. त्या अंधारातसुद्धा मोकाशींच्या तोंडावरचं हसू मला दिसलं.

"कारेकर बाई, आमचं चुकलं. तुमचं झाड एन्झाइमला अडवत नाही. त्याला कापू देतं आणि सांधायच्या आत पकडतं. कॅन्सरच्या पेशीला ह्याहून वाईट ते काय? तिच्याच कात्रीनं तिचा धागा कापला जातोय, आणि कात्री तिथेच अडकून पडतेय."

"म्हणजे सैल नाही?" बाईंनी विचारलं.

"मुळीच नाही."

बाई स्टुलावर बसल्या. प्रयोगशाळेत त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी हातातलं रेशमाचं मुकं कडं उलगडून मांडीवर ठेवलं आणि हातानं सपाट केलं. मी भिंतीकडे तोंड करून रडले. आनंदानं रडतात असं तोवर फक्त ऐकून होते.

"मोकाशी," थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "आणखी एक भाकरी घ्याल का?"

सगळ्यांत मोठ्यानं मोकाशीच हसले.

काम सुरू राहिलं. त्या जेलच्या फोटोची एक प्रत मी नानांना नेऊन दिली. त्यांनी ती भिंग लावून उलटीसुलटी पाहिली, मी सांगितलेलं ऐकलं आणि वरच्या रेघेवर नख टेकवलं.

"म्हंजी ह्यो मुका."

"हो."

"आन ह्ये बगायला तुला पुन्यास्नं मानसं बोलवाय लागली?" असं म्हणून त्यांनी फोटोला चौकट करवली आणि दुकानात साजांच्या मधोमध टांगली. गिऱ्हाइकांना ते सांगत, आमच्या पोरीनं जेलात काढलेला फोटो हाय.

बाई निवृत्त होऊन मालवणला गेल्या. झाडातलं द्रव्य आम्ही वेगळं केलं. प्रयोगशाळेत त्याचं नाव 'मुका'च पडलं. पुढे रसायनवाल्यांनी ते घडवलं, बदललं, पुन्हा घडवलं. माझे केस पिकायला लागले तेव्हा कुठे ते पहिल्यांदा एका माणसाच्या शिरेत गेलं. तो माणूस मला कधी भेटला नाही. त्याच्या पोटातल्या गाठीवर दुसरी सगळी औषधं देऊन झाली होती, एवढंच मला माहीत होतं.

त्याच्या तपासणीचे फोटो आले त्या दिवशी मी आधीचा आणि नंतरचा शेजारी शेजारी ठेवून खूप वेळ बघत बसले. मग बाईंना फोन लावला. त्या खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या. फोन उचलला की अजूनही मला चिडवायला पहिला प्रश्न तोच विचारत.

"काय गं, सैल?"

"बाई, त्या पेशंटचे फोटो आलेत. गाठ..."

"गाठीचं काय? नीट बोल."

"गाठ सुटायला लागलीय, बाई."

पलीकडून बाईंनी नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मागे कुणीतरी त्यांना काय झालं म्हणून विचारत होतं.

"म्हणजे सैल?" बाईंनी विचारलं.

"हो बाई," मी म्हणाले. "सैल."